चौदा पानांचा फ्रान्स

मी फ्रान्सला कधी गेलेलो नाही. मुंबईहून ह्यूस्टनला येताना विमान त्याच्यावरून गेलं असेल, पण तेव्हा मी झोपलो होतो. तरीही खुद्द तिथल्या माणसांना त्यांचा देश माझ्याइतका पाठ असेल का, याची मला शंका आहे. सर्वांत लांब नदी लुआर. सर्वांत उंच शिखर माँ ब्लाँ. रेशमासाठी ल्यों, बंदरासाठी मार्सेय, आणि बॅस्टिलचा तुरुंग फोडला तो चौदा जुलैला. झोपेतून उठवून विचारा, सांगेन.

हा फ्रान्स मला नागपुरात भेटला, सामान्यज्ञानाच्या एका गाइडमध्ये. पिवळं कव्हर, पातळ कागद, मागच्या पानावरची शाई पुढच्या पानावर उतरलेली. त्यात साऱ्या जगाला पाचशे पानांत बसवलं होतं. राज्यक्रांतीमुळे फ्रान्सचा मान मोठा, म्हणून त्याला चौदा पानं. शेजारच्या बेल्जियमला अर्धं पान, तेही खाली गाइडच्या मालकाची जाहिरात टाकून. राज्यसेवेच्या परीक्षेसाठी आम्ही चार मित्र संध्याकाळी बागेत बसून ते घोकायचो. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं एका वाक्यात, एका दमात उत्तर द्यायचं. अडखळला की चहा त्याच्याकडून. त्या काळात मी एवढा चहा पाजला की टपरीवाला मला आधीच साहेब म्हणायला लागला होता.

साहेब मात्र झालो नाही. लेखीत पास झालो, मुलाखतीत राहिलो. मग इंजिनिअरिंगची पदवी कामाला आली आणि पाइपलाइनींचे नकाशे काढत काढत मी टेक्सासात, ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला येऊन पोचलो. सामानात गाइड होतं. का आणलं, ते बायकोनं तेव्हा विचारलं होतं. अमेरिकेत सामान्यज्ञान लागणार नाही का, असं मी म्हणालो. ती नुसती हसली.

ती हसली, पण पुढे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते लागलं.

आमची एकुलती मुलगी तेव्हा आठवीत होती. टेक्सासात सगळी शहाणी मुलं स्पॅनिश घेतात. हिनं फ्रेंच घेतलं. कारण तिच्या जिवलग मैत्रिणीनं फ्रेंच घेतलं होतं. शाळेच्या फ्रेंच क्लबातून तीन मुलांची एक टीम निवडायची होती. फ्रान्सचा इतिहास, भूगोल आणि संस्कृती यांवर स्पर्धा होती, सॅन अँटोनियोला. बसनं जायचं, एक रात्र हॉटेलात राहायचं. मैत्रीण हुशार, तिची जागा नक्की होती. माझ्या मुलीला त्या बसमध्ये तिच्या शेजारची सीट हवी होती. लुआर नदीशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

मला काय हवं होतं, तेही सांगून टाकतो. वर्षभरापासून पोरगी माझ्याशी बोलेनाशी झाली होती. भांडण नव्हतं. मी मराठीत चार वाक्यं बोलायचो आणि ती इंग्रजीत एक शब्द टाकायची: फाइन, ओके, व्हॉटेव्हर. माझं लेकरू माझ्याच घरात पाहुण्यासारखं वागत होतं आणि मला ते सहन होत नव्हतं. त्यामुळे फ्रान्सचा विषय निघाला तेव्हा मला अक्षरशः घबाड सापडलं. आठवड्यातून चार दिवस मी तिला पोहण्याच्या क्लासला नेत असे. जायला पस्तीस मिनिटं, यायला पस्तीस. चालत्या गाडीतून ती उठून जाऊ शकत नव्हती.

"नियम एकच," मी म्हणालो. "प्रश्न मराठीत. उत्तर कुठल्याही भाषेत. चुकलं की घरी जाऊन चहा करायचा."

"बाबा, मी चहा पीत पण नाही."

"मी पितो."

आणि बागेतला क्लास फ्रीवेवर सुरू झाला. आधी मी विचारायचो. आठवडाभरात ती मला विचारायला लागली, आणि तिथे माझं पितळ उघडं पडलं.

"बाबा, फ्रान्समधून इंग्लंडला कसं जायचं?"

हा तर माझा हातखंडा प्रश्न. आमच्या गाइडमध्ये इंग्लिश खाडीवर पाच प्रश्न होते आणि पाचही ती पोहून जाणाऱ्यांवर होते: पहिला भारतीय कोण, पहिली भारतीय महिला कोण, किती तास लागले. त्या खाडीतून बोटीही जातात, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मी बाणेदारपणे उत्तर दिलं, "पोहत."

"बाबा! देअर्स अ टनेल! ट्रेन जाते आतून!"

"गाइडमध्ये नाही."

"गाइड तुमच्या लग्नाआधीचं आहे!"

मग पावाऐवजी केक खा म्हणणारी राणी निघाली. फ्रेंचच्या टीचर म्हणतात ती तसं कधी म्हणालीच नव्हती, हे पोरीनं मला फार दयाळूपणे सांगितलं. मी अठरा वर्षं त्या बाईवर राग धरून होतो. मी तिला पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानम, चंद्रनगर अशा फ्रेंच वसाहती एका दमात पाठ करून दिल्या, तर ती म्हणाली, हे कोणी विचारणार नाही. माझा फ्रान्स नागपूरमार्गे आला होता, त्याला मी काय करणार? रोज संध्याकाळी चहा मात्र मीच करत होतो. आणि सांगायला हरकत नाही, आयुष्यात एवढ्या आनंदानं मी कधी हरलो नाही. ती हसायची. सबंध वाक्यं बोलायची. त्यातली निम्मी मराठी असायची.

अशात नागपूरहून माझे वडील आले, सहा महिन्यांसाठी. आम्ही सगळेच त्यांना आबा म्हणतो. प्राथमिक शाळेतले मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. ह्यूस्टनच्या दमट उन्हातही टाय लावून बसायचे आणि खिशात लाल शाईचा पेन ठेवायचे. आमची किराण्याची यादीसुद्धा त्यांनी तपासली आहे. दीक्षेच्या दिवशी नागपूरच्या त्या मैदानात पांढरा सदरा घालून ते उभे होते, तेव्हा वीस वर्षांचे होते. आमच्या घरात 'साहेब' म्हणजे एकच. बैठकीत भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी साहेबांची, आणि त्यांच्याखाली आबांनी निळ्या रंगानं स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी: स्वातंत्र्य, समता, बंधुता. ही पाटी ते विमानात मांडीवर घेऊन आले होते. एअर होस्टेसनं वर ठेवते म्हटलं, तर यांनी दिली नाही.

आबा पुढच्या सीटवर बसायला लागले आणि क्लासला तपासनीस मिळाला. आधी काही दिवस ते गप्प होते. एके दिवशी सिग्नलला गाडी थांबली असताना मी विचारलं, "स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी कोणी दिली? एका वाक्यात."

मागून उत्तर आलं, "फ्रेंच रेव्हल्यूशन."

"बरोबर," मी म्हणालो.

"चूक," आबा म्हणाले.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला.

"काय शिकवून राहिला तू पोरीला?" आबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "आपल्या घरात ते शब्द फ्रान्सहून आले नाहीत. बुद्धाकडून आले. साहेबांनी तसं स्पष्ट सांगितलं आहे. भिंतीवर पाटी कोणाच्या तसबिरीखाली आहे?"

"आबा, फ्रेंचचा पेपर आहे. तिथे बुद्ध कुठून आणता?"

"मी फ्रेंच लोकांचं काढून घेत नाही. त्यांनी त्यांच्या इमारतींवर कोरले, चांगलं केलं. पण आपल्याला कोणी दिले, हे पोरीला माहीत पाहिजे का नको?"

"माहीत पाहिजे. पेपरात नको."

आबांनी मान वळवून रस्त्याकडे बघितलं. त्या बघण्याची मला जुनी ओळख होती.

मुलाखतीचं इथे सांगितलं पाहिजे. राज्यसेवेच्या त्या मुलाखतीत पाच जण समोर बसले होते आणि त्यांतल्या एकानं मला हाच प्रश्न विचारला होता, शब्दन् शब्द हाच. मला दोन्ही उत्तरं येत होती. एक घरातलं, लहानपणापासून ऐकलेलं, एक गाइडातलं. मी गाइडातलं दिलं. समोरच्यानं मान डोलावली. घरी आलो तर आबा ओट्यावर बसले होते. काय काय विचारलं, म्हणाले. मी हा प्रश्न सांगितला, उत्तरही सांगितलं. आबांनी थोडा वेळ रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मार्क मिळाले ना? झालं तर मग." एवढंच. पुढे निवड झाली नाही ती नाहीच. तेलही गेलं, तूपही गेलं. निवड न झाल्याचं दुःख वर्षभरात विरलं. आबांचं ते 'झालं तर मग' विरलं नाही. ते मला शरमेसारखं लागून राहिलं, आणि आम्ही दोघांनी त्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही.

निवडीचा पेपर एका शुक्रवारी झाला. पुढच्या शुक्रवारी निकाल लागला. पोरगी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि पेपर स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपटला. चाळीस प्रश्न होते. अर्ध्या मार्कानं तिचा चौथा नंबर आला होता. टीम तिघांची.

मी आधी चुकलेला प्रश्न शोधला. मास्तरचा मुलगा, दुसरं काय करणार? सगळं बरोबर होतं. टनेलसुद्धा. शेवटच्या प्रश्नात टीचरनं लाल शाईत एका मार्कातला अर्धा कापला होता. फ्रान्सच्या ब्रीदवाक्यातले तीन शब्द लिहा आणि ते कोठून आले ते सांगा. तिनं तीन शब्द फ्रेंचमध्ये बिनचूक लिहिले होते. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या: हे शब्द फ्रान्सच्या नाण्यांवर आहेत, पण आमच्या घरी ते फ्रान्सहून आले नाहीत. ते बुद्धाकडून आले, आणि विमानात माझ्या आजोबांच्या मांडीवर बसून आले.

"आबा, यू सेड!" ती रडत म्हणाली. "तुम्ही म्हणाला होता!"

आबांचा चेहरा पार उतरला. मला वाटलं होतं ते ताठ उभे राहतील, शाबास म्हणतील. ते तिच्या डोक्यावर हात ठेवून कासावीस होऊन म्हणाले, "अगं वेडे, परीक्षेत फ्रान्स लिहायचं असतं. घरातलं घरात..."

आणि मध्येच थांबले. माझ्याकडे बघितलं. मी सिंककडे बघितलं.

"म्हणजे?" तिचे हुंदके थांबले होते. "पेपरमध्ये एक आणि घरी वेगळं? मग ट्रू कुठलं?"

आम्ही दोघंही परीक्षांमध्ये मुरलेली माणसं. आबांनी पेपर उलटून बघितला, मग मी उलटून बघितला. ती आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. पुढचे तीन दिवस फाइन, ओके, व्हॉटेव्हर एवढंही नाही.

सोमवारी मी शाळेत जायचं ठरवलं. बायको म्हणाली, अर्ध्या मार्कासाठी जाऊ नकोस, हसतील. पण पेपर फेरतपासणीला देणं हे आमच्या रक्तातच आहे. त्या बसमधली ती एक सीट मला कसंही करून परत आणायची होती. आबा माझ्याआधी तयार होऊन गाडीत बसले होते. टाय होता, शिवाय कोटही. पोरगी मागच्या सीटवर दाराला चिकटून बसली, कारण शाळा तिचीच होती आणि दुसरा इलाज नव्हता. आम्हाला टीचरच्या वर्गात शिरताना बघून ती आडोशाला, पाण्याच्या नळापाशी जाऊन उभी राहिली. आपण या दोघांना ओळखत नाही, असा तिचा चेहरा होता.

टीचर साठीच्या आसपासच्या, चष्मा साखळीला अडकवलेल्या. मी भाषण तयार करून नेलं होतं. समतेच्या इतिहासापासून सुरू केलं आणि अर्ध्या मार्कापर्यंत आलो. त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, सबंध गठ्ठ्यात हे एकच उत्तर मी दोनदा वाचलं, मला ते फार आवडलं. पण मी विचारलं होतं ते फ्रान्सच्या ब्रीदवाक्याबद्दल, आणि उत्तरपत्रिकेत राज्यक्रांती आहे. एकाला सूट दिली तर बाकीच्यांना काय सांगू?

मी आबांसाठी भाषांतर करायला वळलो. आबांना इंग्रजी कळत होतं. ते उठून उभे राहिले आणि त्यांच्या मास्तरी इंग्रजीत एक-एक शब्द सुटा करून म्हणाले, "मॅडम, थर्टी फाइव्ह इयर्स आय वॉज टीचर. आय ऑल्सो विल गिव्ह हाफ."

टीचर उठल्या आणि त्यांनी आबांशी हात मिळवला. माझा वकील विरुद्ध पक्षाला जाऊन मिळाला होता. मी फाइल बंद केली.

"आबा, हे काय केलं?" बाहेर आल्यावर मी म्हणालो.

"बाई बरोबर आहे. त्यांच्या ब्रीदवाक्याचं विचारलं होतं, ते आधी लिहायचं होतं, मग आपलं. अर्धं उत्तर लिहिलं तर अर्धा मार्क." मग जरा थांबून म्हणाले, "पण जे अर्धं लिहिलं, ते खरं लिहिलं."

त्या दिवशी पोहण्याचा क्लास होता. शाळा सुटल्यावर तिला घेतलं. तिघं गाडीत. फ्रीवेवर नेहमीची गर्दी, एसी लावूनही काचा तापलेल्या. आबांनी पुढचा कप्पा उघडला आणि माझं पिवळं गाइड बाहेर काढलं. चष्मा लावला. पानं उलटत फ्रान्सपाशी आले. खिशातून लाल पेन काढला.

"प्रश्न," ते वर्गातल्या आवाजात म्हणाले. "स्वातंत्र्य, समता, बंधुता. फ्रान्सला कोणी दिले, आपल्याला कोणी दिले? दोन वाक्यांत."

मी आरशात मागे बघितलं. पोरगी खिडकीतून बाहेर बघत होती.

"तिला नाही विचारलं," आबा म्हणाले. "तुला विचारून राहिलो."

समोर ट्रकची मोठी पाठ होती आणि मी तिच्याकडेच बघत राहिलो. उत्तर साधं होतं. पंधरा वर्षांपूर्वीही साधंच होतं. पण मी आरसा नीट केला, एसी वाढवला, पुन्हा आरसा नीट केला.

"आबा, नो हिंट्स," मागून आवाज आला. तीन दिवसांतले तिचे पहिले शब्द. "बाबा, टाइम जातोय."

"फ्रान्सला राज्यक्रांतीनं दिले," मी म्हणालो. "आपल्याला बुद्धानं दिले."

आबांनी मान खाली घालून गाइडमध्ये काहीतरी लिहिलं. मग पुस्तक माझ्यासमोर धरलं. छापील उत्तराशेजारी लाल शाईत अर्धा मार्क होता.

"अर्धाच?" मी म्हणालो. "दोन्ही वाक्यं बरोबर आहेत!"

"उत्तर बरोबर आहे," आबा म्हणाले. "फार उशिरा दिलं."

ते खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, पण चष्मा काढून त्यांनी तो टायच्या टोकानं दोनदा पुसला.

मागून पट्टा सुटल्याचा आवाज आला. पोरगी दोन्ही सीटच्या मध्ये डोकं घालून पुढे वाकली होती, पट्टा सोडू नकोस असं मी हजारदा सांगितलेलं असूनही. तिनं आबांच्या मांडीवरच्या पानाकडे बघितलं.

"माझा हाफ आणि तुमचा हाफ," ती म्हणाली. "बाबा, दोघांचा मिळून एक होतो."